दहिवलीची रीत व कर्जतची वेळ

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. भाषेबरोबर पागोट्याचा घाट बदलतो, आमटींतील गुळाचें प्रमाण बदलतें, आणि निघतांना ‘येतों’ म्हणावयाचें कीं ‘जातों’, यावरूनहि माणसाचें गांव ओळखूं येतें. हें सारें खरें असलें तरी रीतीभातींत असा पालट होण्यास बारा कोस लागतातच असें मात्र नाहीं. कर्जत स्टेशन आणि दहिवली यांच्यामध्यें उल्हास नदी व तिजवरील पूल एवढेंच काय तें अंतर. रमतगमत चालणाऱ्यासहि घटकेभराहून फारसा अधिक वेळ लागूं नये. आज दोन्ही कांठ एकाच नगरपरिषदेच्या हद्दींत मोडतात. तथापि या दोन कांठांवर ज्यानें थोडे दिवस काढले असतील त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आल्याशिवाय राहत नाहीं. दहिवलीच्या जुन्या वस्तींत वाटेंत कोणी भेटला तर तो ‘काय, कोठें निघालांत?’ असें विचारतो आणि उत्तर ऐकण्यासाठीं थांबतो. स्टेशनाच्या बाजूस त्याच जागीं ‘कितीची?’ एवढाच प्रश्न येतो, आणि त्यास उत्तर म्हणून केवळ एक आंकडा अपेक्षित असतो. पहिल्या ठिकाणीं आलेल्या पाहुण्यास ‘परत कधीं जाणार?’ असें विचारणें म्हणजे त्याचा अपमान. दुसऱ्या ठिकाणीं तोच प्रश्न आस्थेचा समजतात, कारण परतीची गाडी चुकली तर हाल पाहुण्याचेच.

हा फरक स्वभावाचा किंवा जातिकुळाचा म्हणावा तर तसें दिसत नाहीं. एकाच घरांतील थोरला भाऊ शेतीवर राहिला आणि धाकटा रेल्वेंत लागला, कीं दहा-बारा वर्षांनीं दोघांच्या बोलण्याचालण्यांत हाच फरक दिसूं लागतो. आई एक, देव एक. पण एकाला वाट पाहणें म्हणजे बसणें, तर दुसऱ्याला वाट पाहणें म्हणजे खोळंबणें. लढाया आणि तह यांच्या इतिहासांत असल्या क्षुल्लक गोष्टींस जागा नसते. परंतु मनुष्याचें आयुष्य बहुतांशीं याच गोष्टींत खर्ची पडत असल्यामुळें त्यांचाहि कुळवृत्तांत कोणी तरी एकदां पाहावयास हवा, असें आम्हांस वाटतें.

सरकारी दप्तरांत या गांवाचें नांव ‘दहिवली तर्फे नीड’ असें आहे. याच तालुक्यांत दुसरी एक दहिवली आहे, ती ‘तर्फे वरेडी’. तर्फ हा जुन्या अमदानींतील परगण्याचा पोटविभाग. परगणे गेले, तर्फा गेल्या, पण गांवांच्या शेपटास त्यांचीं नांवें चिकटून राहिलीं. जिल्ह्याचेंहि तसेंच. कर्जत तालुका प्रथम ठाणें जिल्ह्यांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कुलाब्यास जोडला गेला, आणि १९८१ सालीं कुलाब्याचा रायगड झाला. त्यामुळें कचेरीचें मोठें काम निघालें म्हणजे अलिबाग गांठावें लागतें, आणि पोटाचें काम निघालें म्हणजे मुंबई. कागद एकीकडे जातो आणि माणूस दुसरीकडे.

दहिवलीच्या बाजूचें जुनें घड्याळ म्हणजे भात. हळवें, निमगरवें आणि गरवें या तीन शब्दांत येथील शेतकऱ्याचें वर्ष सामावतें. उन्हाळ्यांत राब भाजावयाचा, मृगाच्या पावसावर पेरावयाचें, आषाढांत आवणी करावयाची. हळवें भात दसऱ्याच्या सुमारास विळ्याखालीं येतें, गरवें दिवाळी उलटल्यावर. कर्जतला भातसंशोधनाचें सरकारी केंद्र १९१९ पासून आहे, आणि ‘कर्जत’ या नांवाच्या भाताच्या जाती त्यानें कोंकणभर पोंचविल्या. तेथील अधिकारी एखादी जात इतक्या दिवसांत तयार होते असें म्हणतो. शेतकरी तीच जात ‘दसऱ्याला येईल’ असें म्हणतो. दोघेहि एकच गोष्ट सांगत असतात, पण एकाच्या बोलण्यांत दिवस मोजलेले असतात, आणि दुसऱ्याच्या बोलण्यांत दारावरचें तोरण असतें.

वर्षाचें जसें, तसेंच दिवसाचें. झुंजुमुंजु झालें, दिवस कासराभर वर आला, दिवस डोक्यावर आला, दिवेलागण झाली. कासरा म्हणजे बैलाला बांधावयाची दोरी. सूर्य क्षितिजावर तितका वर आला, एवढाच याचा अर्थ. कासराभर दिवस म्हणजे किती वाजले, असें विचारण्यांत हंशील नाहीं, कारण या शब्दांनीं वेळ मोजावयाची नसून कामाचा ठाव घ्यावयाचा असतो. बारीक मोजमाप लागे तें लग्नमुहूर्ताला. तेव्हां ब्राह्मण घंगाळांत घटिकापात्र टाकून बसे, आणि तळाशीं भोंक असलेली ती वाटी बुडाली म्हणजे एक घटका, आपलीं चोवीस मिनिटें, भरली असें समजत. एरवीं ‘सकाळीं या’ म्हटलें म्हणजे न्याहारीपासून जेवणापर्यंत केव्हांहि आलें तरी चाले. ज्या गांवांत कोणासच उशीर होऊं शकत नाहीं तेथें उशिराबद्दल क्षमा मागण्याची रीतहि उत्पन्न होत नाहीं. दहिवलीकरांच्या ज्या ऐसपैस आगतस्वागताचें आपण कौतुक करतों, त्याचें मूळ या घड्याळांत आहे. मात्र त्याचें गोडवे गातांना एक गोष्ट विसरूं नये. याच निवांत गांवांत कर्जापोटीं सावकाराच्या शेतावर राबावयाचे दिवस मोजलेले असत, आणि त्या मोजणींत कासराभराचीहि सूट मिळत नसे. वेळेची पर्वा न करणें हें सुख ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणेंच वांट्याला येई.

यापुढें रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें ही पहिली आगगाडी सुटली, १८५६ त रूळ कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोंचले, आणि १८५८ त घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी चालूं लागली. मध्यें उरला बोरघाट. तेवढा टप्पा उतारू पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून चढत-उतरत. घाटांतील लोहमार्ग १८६३ त पुरा झाला. पंधरा-सोळा मैलांत सुमारें १,८०० फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि तें सारें सुरुंगाच्या दारूनें व हातांनीं. १८६१ सालीं या कामावर ४२,००० हून अधिक माणसें होतीं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ त इकडे आल्यावर लवकरच मरण पावला, तेव्हां त्याच्या बायकोनें, अॅलिस ट्रेडवेलनें, कंत्राट सोडून न देतां दोन अनुभवी एंजिनियरांकडून तें पुरें करून घेतलें, ही गोष्ट पुस्तकांतून नेहमीं येते आणि ती येण्याजोगी आहेहि. ज्या हजारों मजुरांस पटकीनें गांठलें त्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेवलीं नाहींत.

आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें निराळेंच. चाळीस हजार माणसें डोंगरांत एकत्र राहिलीं, आणि त्यांच्यापुढें जगण्याची एक नवीन रीत आली. पावसाळ्यांत काम जवळजवळ बंद पडे. उरलेल्या आठ महिन्यांत तें उरकावयाचें असे. म्हणून हजेरी आली, पाळी आली, मुकादम आला, आणि ‘खाडा’ हा शब्द आला. शेतावर एक दिवस गेलें नाहीं तर त्यास कोणी खाडा म्हणत नाहीं; तें काम उद्यां होतें. खाडा होतो तो दुसऱ्याच्या वहींत. मजुरी थकल्यावरून १८५९ च्या आरंभीं घाटांत दंगा झाला, आणि १८६० त रेल्वे व तत्सम कामांवरील मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट तोडावे असा कायदा आला. त्यांत करार मोडणाऱ्या मजुरास कैदेची तरतूद होती. अशा प्रकारें वेळेवर येणें हा सद्‌गुण होण्यापूर्वीं तो कायदा झाला होता. याच काळांत रेल्वेच्या मजुरास ‘खलाशी’ हें नांव पडलें. शब्द मूळचा जहाजावरचा. दोर ओढणारा, ओझीं हलविणारा. समुद्रावरची शिस्त आणि तिचें नांव दोन्हीं डोंगरांत येऊन रुजलीं, आणि ज्यानें आयुष्यांत खाडीचें पाणी पाहिलें नाहीं असा घाटावरचा कुणबीहि आपण खलाशी आहों असें अभिमानानें सांगूं लागला.

घड्याळाचा खरा तंटा पुढेंच होता. सूर्य पूर्वेकडील गांवाच्या माथ्यावर आधीं येतो, त्यामुळें प्रत्येक गांवाचा मध्यान्ह वेगळा. मद्रासचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारें तीस मिनिटें आधीं होतो. जोंवर माणूस बैलाच्या वेगानें प्रवास करीत होता तोंवर हें अंतर कोणासहि बोंचलें नाहीं. १८७० च्या सुमारास हिंदुस्थानांतील रेल्वेंनीं मद्रासची वेळ सर्वत्र लागू केली, कारण मद्रासला वेधशाळा होती आणि तेथील वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या दरम्यान पडे. तेव्हांपासून कर्जत स्टेशनांत बाराचा ठोका पडे त्या वेळीं नदीपलीकडच्या शेतांत सूर्याप्रमाणें अजून साडेअकराच्या आसपासच असत. सव्वा घटकेचें हें अंतर पायीं ओलांडण्यास पूल पुरत असे. मनानें ओलांडण्यास तीन पिढ्या लागल्या. विलायतेंतहि हेंच झालें होतें. ब्रिस्टल शहरांतील धान्यबाजाराच्या घड्याळास दोन मिनिटकांटे बसविले आहेत, एक गांवच्या वेळेचा व एक लंडनच्या. तें घड्याळ आजहि तेथें आहे. आपल्याकडे कोणास तशी युक्ति सुचली नाहीं. आपण तंटा कांट्यांवर न सोडतां माणसांवर सोडला.

मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं १८८१ त सरकारी कचेऱ्यांनीं मद्रासचीच वेळ पाळावी असा हुकूम काढला. त्यावर मुंबईंत एवढा गिल्ला झाला कीं १८८३ त तो मागें घ्यावा लागला. पुढें १९०६ पासून ग्रीनिचपेक्षां साडेपांच तास पुढची अशी ‘स्टँडर्ड’ वेळ सबंध देशासाठीं ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटांनीं पुढें होती. त्या वर्षीं जानेवारींत मुंबईच्या कांहीं गिरणी-कामगारांनीं या बदलाविरुद्ध काम टाकलें. त्यांची तक्रार समजण्यास गणित लागत नाहीं: भोंगा त्याच आंकड्यावर वाजणार, पण सूर्य अजून उगवावयाचा असणार, म्हणजे झोपेंतील ३९ मिनिटें गेलीं, आणि तीं कोणाच्या खातीं जमा झालीं हें कोणी सांगेना. मुंबईच्या नगरपालिकेनेंहि नवी वेळ आरंभीं स्वीकारून थोडक्याच महिन्यांत टाकून दिली, आणि आपली घड्याळें तब्बल १९५५ पर्यंत मुंबईच्या वेळेवर ठेवलीं. बोरीबंदर स्टेशन आणि नगरपालिकेची इमारत या एका रस्त्याच्या दोन बाजूंस आहेत. एकीचा कारभार एका वेळेनें चाले आणि दुसरीचा दुसऱ्या. निमंत्रणपत्रिकांवर वेळेपुढें ती स्टँडर्ड कीं मुंबईची, हें लिहावें लागे. भरींत भर म्हणून दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, स्टँडर्ड घड्याळेंहि एक तास पुढें केलीं होतीं.

आज या तंट्यास लोक हंसतात. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें थोडेंच दिसतें. सकाळ केव्हां झाली हें कोणीं ठरवावयाचें, असा तो प्रश्न होता, आणि तो विचारण्याचें धैर्य ज्यांच्यापाशीं घड्याळ विकत घेण्यासहि पैसे नव्हते त्या गिरणीवाल्यांनीं दाखविलें. कर्जत-दहिवलीच्या बाजूस असा कांहीं तंटा झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. येथें लोकांनीं दोन्ही वेळा ठेवून घेतल्या: स्टेशनावर जावयाचें तर रेल्वेची, शेतावर, देवळांत व सोयरिकींत आपली. जुन्या वेळेंत आणि नव्या वेळेंत जी रीत ज्या बाजूस पडली ती तेथेंच राहिली, आणि आरंभीं सांगितलेले ते दोन प्रश्न, ‘कोठें निघालांत?’ आणि ‘कितीची?’, आमच्या मतें याच फाळणीचे वारस आहेत.

स्टेशनाच्या रीतीचा कळस कर्जतच्या फलाटावर दिसे. घाट चढणाऱ्या गाडीस मागून रेटा देणारीं एंजिनें, ज्यांस रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात, तीं येथें जोडावयाचीं असल्यामुळें गाडीस थांबणें भाग. १९३० च्या सुमारास घाटांत वाफेच्या जागीं वीज आली तरी हें थांबणें सुटलें नाहीं. या मोजक्या मिनिटांवर एक सबंध बाजार उभा राहिला. कर्जतचा बटाटेवडा महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला तो चवीमुळें, हें खरेंच. पण तो हातांत पडण्याची जी रीत आहे ती या मिनिटांनीं घडविलेली आहे. विकणारा नमस्कार करीत नाहीं, भाव सांगत नाहीं, ‘सुटे’ एवढेंच म्हणतो; घेणारा खिडकींतून नोट आधीं पुढें करतो. दहिवलीच्या वाण्याच्या दुकानीं असें केलें तर गिऱ्हाइकास कोणी तरी चावला आहे काय, असें तो विचारील. तेथें प्रथम फळीवर टेकावयाचें, पावसापाण्याचें बोलावयाचें, आणि मग शेंगदाण्याचा भाव. दोन्ही ठिकाणीं विकणारे एकाच कुटुंबांतले असण्याचा संभव पुष्कळ आहे.

एकच माणूस दोन जागीं दोन रीती कसा पाळतो, याचें सर्वांत कडू उदाहरण पाण्याचें. रेल्वे सुरू होण्यापूर्वीं अनेकांचा असा कयास होता कीं, सोवळ्या-ओंवळ्याच्या बंधनांमुळें हिंदु लोक एका डब्यांत बसणारच नाहींत. प्रत्यक्षांत तिसऱ्या वर्गाचे डबे पहिल्यापासून ओसंडून वाहूं लागले. खांद्याला खांदा लावून सर्व जाती बसल्या, आणि कोणाचाहि धर्म नेरळच्या पुढें नडला नाहीं. पण गाडींतून खालीं उतरल्यावर देशांतील लहानमोठ्या स्थानकांवर ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पुकारे होत. ते १९४० नंतरच्या दशकापर्यंत चालू होते. आणि गांवांत परतल्यावर तर विहिरीवर अस्पृश्यास दूरच उभें राहावें लागे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे, हा रा. ब. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला होता. तरीहि याच कुलाबा जिल्ह्यांत, महाडच्या चवदार तळ्यावर, डॉ. आंबेडकरांस २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोकांसह जाऊन पाण्याची ओंजळ घ्यावी लागली, त्यानंतर मारहाण सोसावी लागली, आणि कोर्टांत दहा वर्षें भांडावें लागलें. हायकोर्टाचा निकाल लागला तो १९३७ त. ज्याच्या शेजारीं कल्याणपर्यंत बसतां येतें त्यास विहिरीवर कां येऊं द्यावयाचें नाहीं, याचें उत्तर ‘आमच्याकडे तशी रीत नाहीं’ याखेरीज दुसरें कोणीं दिल्याचें ऐकिवांत नाहीं. रीत म्हणजे आपलेपणा, असें म्हणण्याचा आपला प्रघात आहे. ती आपल्यांपुरतीच असते, हें ज्याला बाहेर उभें केलें जातें त्याला आधीं कळतें.

हें ध्यानांत ठेवूनच आजच्या लोकलच्या डब्यांत शिरावें. तळकोंकणांतील चाकरमानी मुंबईस गेला म्हणजे तेथेंच राहतो. त्याच्या गांवकऱ्यांची एखाद्या चाळींत खोली असते, आणि गांवची रीत त्या खोलींत तशीच नांदते. कर्जतचा माणूस रोज जातो आणि रोज येतो. गांव आणि कचेरी यांच्यामध्यें जाते-येते मिळून त्याचे चार तास पडतात, आणि त्या चार तासांत त्यानें तिसरेंच एक गांव वसविलें आहे. त्यास ‘गट’ म्हणतात. ठराविक गाडी, ठराविक डबा, ठराविक दरवाजा. गाडीला नांव नसतें, तिची वेळ हेंच तिचें नांव. गटांत कोणी बँकेंतला, कोणी कारखान्यांतला, कोणी मंत्रालयांतला शिपाई. येथें हुद्द्यास किंमत नाहीं, किती वर्षांपासून या गाडीला आहांत त्यास आहे. तिघांच्या बांकावर चौथा बसतो, उभ्या असलेल्यास ठरलेल्या स्टेशनानंतर जागा मिळते, कोणी आजारी पडला तर वर्गणी निघते. कांहीं डब्यांत टाळ-पखवाज निघून भजन होतें, कांहीं ठिकाणीं पत्ते. दसऱ्याच्या सुमारास डब्यास झेंडूच्या माळा बांधून त्याची पूजा करतात आणि पेढे वांटतात. शेतकरी ज्या भावनेनें बैलांस सजवितो तीच ही भावना, असें आम्हांस वाटतें. बायकांच्या डब्यांत हळदीकुंकू होतें, आणि परतींत मटार सोलले जातात, भाजी निवडली जाते.

यांत सुंदर पुष्कळ आहे. पण मधल्या एखाद्या स्टेशनावरून नवा उतारू चढला आणि रिकाम्या जागेवर बसूं लागला, तर ‘आमचा माणूस येणार आहे’ असें त्यास सांगतात. तिकीट त्याच्यापाशींहि तेंच असतें. गटांतली माणसें वाईट नसतात. त्यांतलाच एखादा घरीं दारांत आलेल्या अनोळखी माणसास पाण्याचा तांब्या पुढें केल्याशिवाय राहणार नाहीं. जी रीत आपल्यांस धरून ठेवते तीच दुसऱ्यास ढकलते. विहिरीवर काय घडत होतें तें समजून घेण्यास डब्याच्या दारांत उभें राहिलें तरी पुरतें.

आणि या सर्व वेळा जुळवितो कोण? पहांटेच्या गाडीसाठीं घरांत पहिला दिवा लागतो तो स्वयंपाकघरांत. डबा हा शब्द मराठींत दोन अर्थांचा आहे. एका डब्यांत जागा मिळावी म्हणून दुसरा डबा साडेतीन-चारला भरावा लागतो. जुनी रीत अशी कीं घरधनी जेवल्यावांचून बाईनें जेवूं नये; गाडी रात्रीं नऊनंतर येऊं लागली तेव्हां ती रीत मोडली नाहीं, फक्त बाईचें जेवण दहावर गेलें. मुलांचें सात, सासऱ्यांचें आठ, नवऱ्याचें साडेनऊ. चुलीपुढें सूर्याची, रेल्वेची आणि शाळेची अशा सर्व वेळा एकदम वाजतात. आतां ती स्वतःहि नोकरीस जाते आणि तीच गाडी पकडते. त्या गिरणीवाल्यांच्या ३९ मिनिटांचा निदान बोभाटा झाला होता. या झोपेचा हिशेब अद्याप कोणत्याहि नगरपालिकेपुढें आलेला नाहीं.

आणखी एक माणूस या दोन्ही कांठांवर दिसतो, पण कोणत्याच रीतींत बसत नाहीं. कातकरी. भाताची आवणी त्याच्या हातांनीं होते, दिवाळीनंतर तो कुटुंबासह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो, आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. उचल घेतलेली असते. ती फिटली कीं नाहीं हें मालकाची वही सांगते. ना त्याला हजेरीचें संरक्षण, ना कासराभर दिवसाची मोकळीक. पहांटेच्या गाडीसाठीं धांवणारे लोक आणि मोळी घेऊन बाजारास येणारी कातकरीण यांची पुलावर रोज गांठ पडते. तिला ‘कोठें निघालीस?’ असें कोणी विचारीत नाहीं, आणि ‘कितीची?’ असेंहि नाहीं.

दहिवलींत हल्लीं संध्याकाळचीं लग्नें पुष्कळ होतात. पत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ असें छापलेलें असतें. गाई रानांतून परततांना धूळ उडते ती ही वेळ. रस्ते डांबरी झाले, गाईहि थोड्याच उरल्या. परवां एका घरीं मुहूर्ताची याद चालू असतां आम्ही बसलों होतों. गुरुजींनीं पंचांग उघडलें, चष्मा लावला, आणि पान उलटण्यापूर्वीं यजमानांस विचारलें, “मुंबईची मंडळी कोणत्या गाडीनें येणार?”